अलेक्झांड्रा, मॅजेस्टिक आणि मराठा मंदिर : मुंबईच्या जुन्या पडद्यांचा हिशेब

मुंबई सेंट्रलवरून नागपाड्याकडे निघाले की बेलासिस रोडवर एक मशीद आणि दीनी तालीमचे केंद्र लागते. नमाजच्या वेळी तिथे गर्दी होते, मुले दप्तरे घेऊन सबक शिकायला येतात. नव्या पिढीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की ही जागा अनेक दशके ‘अलेक्झांड्रा’ नावाचे थिएटर म्हणून ओळखली जायची. इंग्रजी सिनेमांच्या नावांचे चटकदार, खट्याळ हिंदी भाषांतर करून बाहेरच्या फलकावर रंगवायचे ही या थिएटरची खासियत. सिनेमा बघायचा नसला तरी रस्त्याने जाणारा माणूस तो फलक वाचायला थांबत असे. शेवटच्या काळात तिथे सवंग सिनेमे लागू लागले, प्रतिष्ठित लोक त्या बाजूने जाताना नजर वळवू लागले, आणि एक दिवस थिएटर विकले गेले.

थिएटरची मशीद झाली, याच्या बातम्या तेव्हा मोठ्या चवीने छापून आल्या. काहींनी त्यात ‘वाईटावर चांगल्याचा विजय’ पाहिला, काहींनी ‘वाढता धार्मिकपणा’. मात्र हे थिएटर होते कुणाचे, ते उभे कसे राहिले आणि शहराच्या इतिहासात त्याची जागा कोणती, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. तो विचारला तर आपण थेट भारतीय सिनेमाच्या जन्मकाळात पोहोचतो.

तंबूवाले अब्दुलअली

अब्दुलअली युसुफअली हे मूळचे सुरतेचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा तरुण प्रोजेक्टर आणि तंबू घेऊन सिंगापूर, सुमात्रा, ब्रह्मदेश, सिलोन असा फिरत होता. तेव्हा सिनेमाला पक्के घर नव्हते. मैदानात तंबू ठोकायचा, चार पैसे घेऊन लोकांना हलती चित्रे दाखवायची आणि गाव संपले की पुढच्या गावाला निघायचे, असा तो धंदा. अब्दुलअलींचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद होता. त्यात सुमारे हजार माणसे मावत. परदेशातून परतल्यावर काही वर्षे त्यांनी हिंदुस्थानातही असेच खेळ केले.

१९१४ साली ते मुंबईत स्थिरावले. अर्देशीर इराणी या पारशी व्यावसायिकाबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि दोघांनी मिळून अलेक्झांड्रा थिएटर चालवायला घेतले. त्यानंतर काही वर्षांतच याच जोडीने गिरगावात ‘मॅजेस्टिक’ उभारले. १९२६ साली इम्पिरियल फिल्म कंपनी सुरू झाली, तीतही अब्दुलअली भागीदार होते.

१४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. हिंदुस्थानातला हा पहिला बोलपट. नायिका जुबेदा. तिची आई फातमा बेगम हिने १९२६ सालीच ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला होता आणि ती देशातली पहिली स्त्री-दिग्दर्शक मानली जाते. नायक मास्टर विठ्ठल, म्हणजे अस्सल मराठी माणूस. त्याला उर्दू संवाद जमेनात, म्हणून पडद्यावर त्याच्या वाट्याला बोलणे कमीच ठेवले गेले. आधीच्या कंपनीशी असलेला करार मोडल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला, तेव्हा कोर्टात त्याची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिनांनी मांडली. पडद्यावरचे पहिले गाणे फकिराच्या भूमिकेतल्या वजीर मुहंमद खान यांनी म्हटले.

एवढी नावे मुद्दाम सांगितली. पारशी निर्माता, सुरतेचा मुसलमान भागीदार, मराठी नायक, उर्दू भाषा आणि गिरगावातले थिएटर. हे मिश्रण कुणी ‘सलोखा’ म्हणून ठरवून केलेले नव्हते. त्या शहरात धंदा आणि कला अशाच चालत. आज ‘गंगा-जमनी’ हा शब्द आपण भाषणात वापरतो. तेव्हा ती रोजची व्यवहाराची रीत होती.

त्या दिवसांची आठवण अब्दुलअलींनीच पुढे सांगून ठेवली आहे. रांग लावायची पद्धत लोकांना माहीत नव्हती. खिडकीवर अक्षरशः झुंबड उडाली, पोलिसांना बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकले गेले. तिकिटांच्या काळ्या बाजाराचा आपल्याकडचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याचे पहिले पान बहुधा मॅजेस्टिकच्या दारातच लिहावे लागेल.

आज ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही. मॅजेस्टिकही नाही. त्या जागी त्याच नावाचे शॉपिंग सेंटर उभे आहे. एका भागीदारीतली ही दोन थिएटरे, एकाची मशीद झाली आणि एकाचा बाजार. मशिदीची बातमी झाली, बाजाराची झाली नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पिला हाऊस

थिएटरांची ही वस्ती मुळात सिनेमाने वसवलेली नाही. १८४६ साली ग्रँट रोडवर नाट्यगृह उभे राहिले, त्यासाठी जागा दिली नाना शंकरशेट यांनी. विष्णुदास भावे यांनी १८५३ साली मुंबईत केलेले नाटकाचे प्रयोग याच थिएटरात झाले. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळ्यांनीही इथे पाय रोवले. पुढे जवळच्या फॉकलंड रोडवर एकामागून एक नाट्यगृहे उभी राहिली. इंग्रज त्या भागाला ‘प्ले हाऊस’ म्हणत, लोकांनी त्याचे ‘पिला हाऊस’ करून टाकले. इंग्रजी नाव विसरले गेले, लोकांनी दिलेले नाव टिकले.

पारशी नाटक नावाने पारशी, पण त्याची भाषा बघता बघता उर्दू झाली. आगा हश्र काश्मिरींसारखे नाटककार तिने घडवले. शेरोशायरी, टाळ्या घेणारे संवाद, मध्येच येणारे गाणे, परी आणि बादशहा हे सगळे सिनेमाला इथूनच मिळाले. याच परिसरात तमाशाचे फडही रंगत. आज हा रस्ता शाहीर पठ्ठे बापूरावांच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे लावणी आणि गझल एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर नांदत होत्या.

बोलपट आले आणि नाट्यगृहांनी पडदे लावले. आल्फ्रेड हे पूर्वीचे रिपन थिएटर. गुलशन, निशात, रॉयल, न्यू रोशन ही नावे हातगाडीवाल्यांपासून खानावळीत जेवणाऱ्या कामगारांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होती. इथे नवे सिनेमे क्वचित लागत. जुने, घासलेले, रेघा पडलेले प्रिंट येत आणि तिकीट कायम खिशाला परवडेल असे असे. उत्तर प्रदेश, बिहार किंवा कोकणातून आलेला, दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा जणांबरोबर पाळीने झोपणारा माणूस सुट्टीच्या दिवशी कुठे जाणार? तीन तास पंख्याखाली, अंधारात, स्वतःच्या खुर्चीवर बसायला मिळणे हीच त्याची चैन होती.

सिनेमाभोवतीचे कामही याच वस्तीत होते. लॅमिंग्टन रोडवरच्या ‘नाझ’च्या इमारतीत वितरकांची कार्यालये होती. कुठला सिनेमा किती चालला, कुठल्या इलाख्यात पडला, हे तिथे आधी कळायचे. मकबूल फिदा हुसेन तरुणपणी याच शहरात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरत होते. पोस्टर रंगवणारे, प्रिंटच्या पेट्या वाहणारे, कार्बनच्या कांड्या बदलत प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर, अंधारात बॅटरी दाखवून जागा देणारे डोअरकीपर, इंटर्व्हलला वडा-समोसा विकणारे अशा कितीतरी घरांच्या चुली थिएटरवर पेटत.

मुस्लिम प्रेक्षक आणि ‘मुस्लिम सोशल’

मुस्लिम समाज आणि सिनेमा यांचे नाते मोठे विचित्र आहे. मिंबरवरून सिनेमाची निंदा होत राहिली. त्याच वेळी कथा, संवाद, गीते, संगीत, अभिनय, दिग्दर्शन अशा सगळ्या खात्यांत मुसलमान होते आणि समोरच्या खुर्च्यांवरही होते. रमजानमध्ये मोहल्ल्याजवळची थिएटरे ओस पडत, जुने सिनेमे लावून महिना काढला जाई. ईदच्या दिवशी मात्र शीरखुर्मा झाला, गळाभेटी झाल्या की नव्या कपड्यांतली पोरे ईदीचे पैसे मुठीत घेऊन खिडकीवर हजर. ईदला मोठा सिनेमा लावायचा ही आजची रीत बड्या ताऱ्यांनी शोधलेली नाही, ती या पोरांनी घालून दिली आहे.

बायकांसाठी सिनेमा ही त्याहून मोठी गोष्ट होती. सुरुवातीच्या काळात देशभरात अनेक थिएटरांत स्त्रियांसाठी वेगळी, पडद्याआडची आसने असत, कुठे खास जनाना खेळ होत. बुरखा घालून, शेजारणींना सोबत घेऊन, लेकरे कडेवर मारून जाता येईल अशा जागा तेव्हा किती होत्या? माहेर, दर्गा, लग्नघर आणि टॉकीज. ‘मुस्लिम सोशल’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार या प्रेक्षकांच्या जोरावर उभा राहिला. १९४५ सालचा ‘जीनत’, १९६० सालचा ‘चौदहवीं का चाँद’, १९६३ सालचा ‘मेरे मेहबूब’ हे त्यातले गाजलेले सिनेमे. त्यात नवाबी थाट जास्त आणि खरे मुसलमानांचे जगणे कमी होते, हे मान्य. मागावर बसणारा, गॅरेजात राबणारा मुसलमान पडद्यावर यायला १९७४ सालच्या ‘गर्म हवा’पर्यंत वाट पाहावी लागली, तीही आग्र्यातल्या चपला बनवणाऱ्या घराण्याच्या गोष्टीसाठी. तरीही आपल्या घरात बोलली जाणारी जुबान मोठ्या पडद्यावर ऐकू येणे, याला फाळणीनंतरच्या बावरलेल्या समाजात मोल होते.

लिबर्टी आणि मराठा मंदिर

फाळणीनंतर दोन वर्षांच्या आत, १९४९ साली, मरीन लाइन्सला ‘लिबर्टी’ उघडले. ते बांधले हबीब हुसेन यांनी. तोवर दक्षिण मुंबईतली रीगल, मेट्रो, इरॉस ही झगमगीत थिएटरे मुख्यतः इंग्रजी सिनेमांसाठी होती. हिंदी सिनेमालाही तसेच आलिशान घर हवे, या जिद्दीने लिबर्टी उभे राहिले. नाव ठेवले नव्या स्वातंत्र्यावरून. पहिला सिनेमा लागला मेहबूब खान यांचा ‘अंदाज’. पुढे १९५७ साली त्यांचाच ‘मदर इंडिया’ही इथेच लागला. सुशिक्षित आणि पैसेवाले अनेक मुसलमान सरहद्द ओलांडून जात होते त्या काळात एक मुसलमान आपली पुंजी मुंबईच्या मध्यात घालतो आणि तिला ‘लिबर्टी’ म्हणतो. निष्ठेचे दाखले मागणाऱ्यांनी ही इमारत एकदा पाहून यावी.

मराठा मंदिरची कहाणी आणखी बोलकी आहे. ‘मराठा मंदिर’ ही शैक्षणिक काम करणारी संस्था, तिच्या नावाचे हे थिएटर १९५८ साली मुंबई सेंट्रलला सुरू झाले. नाव मराठ्यांचे, पण आजूबाजूला नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा अशी वस्ती. ५ ऑगस्ट १९६० रोजी इथे ‘मुघल-ए-आझम’चा प्रीमियर झाला. सिनेमाची रिळे सजवलेल्या हत्तीवरून आली, निमंत्रणे शाही फर्मानासारखी उर्दूत लिहिलेली होती. तिकिटासाठी लोक दिवसेंदिवस रांगेत उभे राहिले, घरून जेवणाचे डबे आले. फेब्रुवारी १९७२ मध्ये याच ठिकाणी ‘पाकिजा’ लागला. पुढच्या महिन्याच्या शेवटी, ३१ मार्चला मीनाकुमारी गेली. त्यानंतर सिनेमाला जी गर्दी लोटली, तिच्यात शोकही मिसळलेला होता.

मग २० ऑक्टोबर १९९५ पासून ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’. फेब्रुवारी २०१५ मध्ये या खेळाने हजारांहून अधिक आठवडे पूर्ण केले आणि तो थांबवायचे ठरले, तेव्हा लोकांनीच तो पुन्हा सुरू करायला लावला. तेव्हाही सकाळी साडेअकराच्या खेळाचे तिकीट पंधरा-वीस रुपयांच्या घरात होते. कोण जायचे तिथे? गाडीला वेळ असलेले प्रवासी, परिसरातले मजूर, कामाच्या शोधात आलेली पोरे आणि कॉलेजातली जोडपी. ‘हा सिनेमा एवढा का चालला’ यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. एक साधे उत्तर बहुधा राहून जाते. मुंबईत तीन तास सावलीत बसायला पंधरा रुपये घेणारी दुसरी जागाच उरली नव्हती.

घसरण कशी झाली

थिएटरे एका कारणाने बंद पडली नाहीत. १९८२ साली रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ आला. त्याच वर्षी गिरणी संप सुरू झाला. परळ-लालबागपासून नागपाडा-मदनपुऱ्यापर्यंत ज्यांच्या पगारावर स्टॉलच्या खुर्च्या भरत, ते कामगारच उद्ध्वस्त झाले. त्यातले कित्येक मुसलमान विणकर होते, हे गिरणगावाच्या आठवणी सांगताना सहसा सुटते. तिकिटावरचा करमणूक कर भरमसाट होता. १९८६ साली महाराष्ट्रातल्या सिनेउद्योगाने करांविरुद्ध संपही केला.

मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली. रात्रीचा शेवटचा खेळ पाहून अनोळखी मोहल्ल्यातून पायी घरी जाण्याची सवय शहराने गमावली ती तेव्हा. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत दादरचे ‘प्लाझा’ही लक्ष्य झाले. तिथे मेलेले लोक सिनेमाशी संबंधित साधी माणसे किंवा रस्त्यावरचे पादचारी होते. दंगलीनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्रा, मीरा रोडकडे सरकली. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ भाग ठरले. मिश्र वस्तीच्या हद्दीवर उभ्या असलेल्या थिएटरांना याची झळ सर्वांत आधी बसली.

शेवटचा घाव जमिनीच्या भावाने घातला. २००१ च्या सुमारास राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या काही वर्षांसाठी करमणूक करात मोठी सवलत दिली. जुने एकपडदा थिएटर मात्र पूर्ण कर भरत राहिले. एका बाजूला हजार खुर्च्यांपैकी दोनशे भरत होत्या, दुसऱ्या बाजूला त्याच भूखंडाची किंमत कोटींत गेली होती. थिएटर पाडले तरी तिथे छोटे का होईना थिएटर ठेवा, अशा अटीही मालकांना जाचक वाटू लागल्या. ज्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षे चालला, ते मिनर्व्हा पाडले गेले. २०२० च्या टाळेबंदीने उरलेल्यांची कंबर मोडली.

काही वाचलीही. १९९३ साली बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाऊस दुरुस्त होऊन २०१६ मध्ये उघडले. मेट्रोचे २००६ साली मल्टिप्लेक्स झाले. इरॉस बरीच वर्षे बंद राहून २०२४ साली आयमॅक्स पडद्यासह परतले. लिबर्टीत अधूनमधून महोत्सव आणि कार्यक्रम होतात. पण नीट पाहिले तर वाचलेल्या इमारती कुठल्या? दक्षिण मुंबईतल्या, ‘हेरिटेज’ म्हणून ज्यांचे फोटो निघतात त्या. पिला हाऊसच्या थिएटरांचा वारसा त्याहून जुना आहे. तिथले प्रेक्षक गरीब होते, म्हणून त्यांचा वारसा कुणी मोजला नाही.

मालेगावचा धडा

प्रेक्षक संपला म्हणून थिएटर संपले, असे म्हणणाऱ्यांनी मालेगावकडे पाहावे. यंत्रमागावर आठवडाभर राबायचे आणि शुक्रवारच्या सुट्टीला सिनेमा गाठायचा, ही या शहराची रीत. इथल्या हौशी तरुणांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ बनवला, ‘मालेगाव का सुपरमॅन’ बनवला. त्यांच्यावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला आणि २०२५ साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सलमानचा सिनेमा लागला असताना तिथल्या एका थिएटरात पोरांनी चालू खेळात फटाके फोडले. तो मूर्खपणा होता, जीव गेले असते, गुन्हा दाखल झाला ते योग्यच झाले. पण त्या बातमीत आणखी एक गोष्ट दडलेली होती. या शहरात पडद्यासमोर एकत्र बसण्याची भूक अजून जिवंत आहे. ती भागवायला परवडणारी जागा हवी.

उरते काय

अलेक्झांड्राची मशीद झाली, याचे दुःख करावे का? मला तसे वाटत नाही. बंद पडू पाहणारी इमारत मोहल्ल्याच्या कामाला आली, तिथे मुले शिकतात. ती जागा एखाद्या टॉवरच्या पार्किंगमध्ये गेली असती तर कुणी हळहळलेही नसते. पण म्हणून ‘गुनाहचा अड्डा मिटला’ असे म्हणून मोकळे होणेही इतिहासाशी बेइमानी आहे. त्या जागेशी हिंदुस्थानी सिनेमाच्या एका मुसलमान शिल्पकाराचे नाव जोडलेले आहे आणि आपल्याच समाजाला ते नाव माहीत नाही. दादासाहेब फाळके आपल्याला शाळेत शिकवले, ते रास्तच आहे. त्यांच्या शेजारी तंबूवाल्या अब्दुलअलींना एक ओळ मिळायला काय हरकत होती?

दुसरा प्रश्न अधिक बोचणारा आहे. मशीद आहे, मदरसा आहे, नाक्यावर चहाचे हॉटेल आहे. यांतल्या बहुतेक जागा पुरुषांच्या. ज्या बायका जनाना खेळाला जात, ज्यांनी ‘पाकिजा’ पाहताना पदराने डोळे टिपले, त्यांच्या नातींसाठी मोहल्ल्यात कुठली जागा उरली? मॉलमधले तिकीट तीनशे रुपयांचे, वर पॉपकॉर्नचे वेगळे. म्हणून तिच्या हातात मोबाइल आला आणि चारशे लोकांबरोबर हसण्या-रडण्याऐवजी ती एकटी, कानात वायर घालून, सहा इंची पडद्यावर सिनेमा बघते. थिएटर गेले तेव्हा चार भिंतींबरोबर अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसण्याची सवयही गेली. शेजारचा कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे अंधारात कुणी विचारत नव्हते. ‘दो बदन’ला त्याचेही डोळे भिजले आणि माझ्या अब्बांचेही, एवढे पुरत होते.

इमारती आता परत येणार नाहीत. आठवणी मात्र अजून हाती आहेत. जुने ऑपरेटर, डोअरकीपर, पोस्टर रंगवणारे कारागीर आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यापाशी बसून ऐकणे आणि लिहून ठेवणे एवढे तर आपल्याला जमेल. परभणीपासून मिरजेपर्यंत आणि भिवंडीपासून नांदेडपर्यंत प्रत्येक गावात एखादी टॉकीज होती. तिचे नाव काय, ती कुणी बांधली, पहिला सिनेमा कोणता लागला, बायका कुठे बसत आणि आता त्या जागी काय आहे, एवढे पाच प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. सरकारी गॅझेटियरमध्ये ही उत्तरे सापडणार नाहीत. ती आपल्यालाच गोळा करावी लागतील, आणि त्यासाठी फार वेळ हाताशी नाही.